दुसऱ्या चुलीचा विस्तव

हातात खापर घेऊन द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, आणि आतून साळूबाईनं निखारा आणण्याऐवजी एक कोरी काडेपेटी आणून त्या खापरावर ठेवली.

"बाई, आता ही वापरत जा," साळूबाई खाली बघत म्हणाली. "रोज रोज इस्तू न्यायला येऊ नका."

एवढंच. धाकट्या जावेचा आवाज चढला नव्हता की कपाळावर आठी नव्हती. पण ज्या घरात द्वारकाबाई पंधराव्या वर्षी माप ओलांडून आली, ज्या चुलीपुढं तिचं सारं तारुण्य धुरात विरून गेलं, त्याच चुलीतला एक निखारा आज तिच्यासाठी जड झाला होता! ओसरीवर तिचा दीर बद्रीनाथ बसला होता. त्यानं ऐकलं नसेल असं होणं शक्य नव्हतं, पण त्यानं मान वर केली नाही. काही न विचारता ती अंगण ओलांडून गोठ्याकडं परत गेली, आणि त्या दिवशी गोठ्यातल्या चुलीला विस्तव लागला नाही.

गोठ्यात चूल कशी आली, ते आधी सांगायला हवं.

पैठणच्या धरणाची भिंत वर वर चढत होती तेव्हाची ही गोष्ट. गंगेच्या काठचं पिंपळगव्हाण (गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात) बुडणार हे ठरलं होतं, आणि गावात बातमी पसरली की नव्या जागी प्लॉट आणि जमीन मिळणार ती माणसागणिक नाही, चुलीगणिक. झालं! त्या उन्हाळ्यात पिंपळगव्हाणात जेवढ्या चुली घातल्या गेल्या तेवढ्या मागच्या शंभर वर्षांत घातल्या नसतील. बाप-लेक वेगळे झाले, सासू-सून वेगळ्या झाल्या. जन्मभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ केवळ आळसापायी एकत्र राहिले आणि गोडीनं नांदणाऱ्यांनी अंगणात भिंती घातल्या. गावचे पोलीस पाटील काकासाहेब घरोघर सांगत फिरत होते, की सगळं कागदापुरतं आहे, नव्या गावाला गेलं की पुन्हा एक व्हा, कोण बघायला येतंय!

बद्रीनाथच्या तोंडून हे निघालं नसतं. द्वारकाबाईच आपण होऊन म्हणाली, तुला दोन लेकरं आहेत, उद्या त्यांना दोन घरं लागतील, मी गोठ्यात चूल घालते. अट एकच घातली. जुनी माणसं म्हणायची की विस्तव वेगळा पेटला की घर वेगळं झालं. म्हणून चुली दोन झाल्या तरी विस्तव एकच राहील, रोज सकाळी मी मोठ्या चुलीतला निखारा नेईन. बद्रीनाथ हसून म्हणाला होता, "वैनी, सगळी चूल उचलून ने की!"

त्या हसण्यावर तिचं आयुष्य उभं होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गावच्या चावडीवर नवा झेंडा लागला, आणि दुसऱ्याच वर्षी मळ्यात पाणी धरताना तिच्या नवऱ्याला, रामकिसनला, साप चावला. द्वारकाबाई तेव्हा वीस वर्षांची. पदरी मूल नव्हतं. सासू बद्रीनाथच्या बाळंतपणातच गेलेली, सासरा अंथरुणाला खिळलेला, आणि हा दीर सहा वर्षांचा. तिचा भाऊ नानासाहेब बैलगाडी घेऊन न्यायला आला. त्यांच्यात विधवेचा मोहतूर, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे आणि त्यानं जागाही बघून ठेवली होती. गाडीत पाय ठेवताना बद्रीनं मागून पदर धरला. नुसता धरून राहिला. द्वारकाबाईनं पाय खाली घेतला आणि भावाची गाडी रिकामी परत पाठवली. पुढं नदीकाठची सहा एकर गाळाची जमीन तिनंच राखली, सासऱ्याचं सगळं तिनंच केलं, बद्रीला वखराची मूठ धरायला तिनंच शिकवलं, आणि साळूबाई सून म्हणून पसंत केली तीही तिनंच. आणि आता ही काडेपेटी…

तिनं ती उघडली नाही; आपल्या हातानं काडी ओढली की घर वेगळं झालंच. लुगड्याच्या घडीत ठेवून दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून खापर घेऊन शेजारच्या सारजाबाईकडं जाऊ लागली. आपल्या घरी पेटती चूल असताना ही शेजारी विस्तव मागते, हे गावानं बघितलं, आणि गाव बघतं तेव्हा नुसतं बघत नाही.

चार दिवसांनी चावडीपुढच्या लिंबाखाली मोजणीचे साहेब खुर्ची टाकून बसले. कुणीतरी अर्ज दिला होता की बद्रीनाथची वाटणी खोटी आहे. तसं ठरलं तर त्याचं नाव यादीतून जाणार होतं, वर खोटं सांगितल्याचा खटला होणार होता. सारा गाव गोळा झालेला. बद्रीनाथ हात जोडून उभा, साळूबाई धाकट्याला कडेवर घेऊन बायकांत मागं उभी. साहेब चांगला माणूस होता. त्यानं द्वारकाबाईला समोर बोलावून शांतपणे विचारलं, की बाई, एवढी वर्षं एकत्र राहिलात, आता या वयात वेगळं राहायचं कारण काय?

कारण काही नव्हतंच! द्वारकाबाईनं बद्रीकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिला गाडीमागं पदर धरून राहिलेला सहा वर्षांचा पोर दिसला. याला वाचवायचं तर आज साऱ्या गावापुढं आपल्याला याचीच बदनामी करायची आहे, हे तिला लख्ख समजलं. आणि ती बोलू लागली.

"साहेब, या घरात मला कुणी जेवायला घालीत नाय," ती म्हणाली. "लहानाचा मोठा केला मी याला. आता भाकर मागितली तर तोंड फिरवतो. दारात उभी राहिले तर हाकलून लावतात. म्हणून चूल येगळी घातली."

खोटं बोलायला ती उभी राहिली होती. पण शेवटच्या वाक्याला काडेपेटीचं दुःख आपोआप उफाळून आलं, आणि डोळ्यांतून जे पाणी वाहिलं ते खरंखुरं होतं. त्या पाण्यावर साहेबाचा विश्वास बसला. गावाचाही बसला. साहेबानं कागदावर सही केली, अर्ज निकालात काढला, आणि बद्रीनाथ वाचला.

पण त्या पाण्यावर बद्रीनाथचाही विश्वास बसला, हे द्वारकाबाईच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटत होतं, तो येईल, पाया पडेल, म्हणेल वैनी, काय नाटक केलंस! तो आला नाही. विहिरीवर बायका साळूबाईशी बोलेनाशा झाल्या. चावडीवर म्हातारी माणसं बद्रीनाथला ऐकू जाईल असं बोलू लागली. ती वाट बघत राहिली की तो विचारेल. तो वाट बघत राहिला की ती सांगेल. एका अंगणात दोन चुलींचा धूर वर जात राहिला, आणि मधली वीस पावलं कुणीच चाललं नाही.

मग चिठ्ठ्या निघाल्या. बद्रीनाथचा प्लॉट निघाला गंगापूरच्या अंगाला, माळावरच्या नव्या गावात, आणि द्वारकाबाईचा पैठणच्याही खाली, कालव्याकाठच्या वसाहतीत. चुली वेगळ्या, म्हणून यादीही वेगळी. बदलून घ्यायचं तर वाटणी खोटी होती असं सांगावं लागलं असतं, आणि तिनं तर गावापुढं सांगून टाकलं होतं! गाव उठलं त्या दिवशी तिची गाडी एकीकडं वळली आणि त्याची दुसरीकडं. साळूबाईची दोन्ही लेकरं मोठ्याई, मोठ्याई म्हणून तिला हाका मारत होती. बद्रीनाथनं तिची पेटी गाडीत चढवली, खापर पेटीवर नीट ठेवलं, आणि बैलांच्या पाठीकडं बघत म्हणाला, "संभाळून जा."

पहिल्या दिवाळीला तो आला होता. दोन एसट्या बदलून, भर दुपारी, खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन. पायरीवर बसला, आत आला नाही. जेवतोस का म्हणून तिनं विचारलं, तर जेवून आलोय म्हणाला. त्याच्या पोटात कावळे ओरडताहेत हे तिला तोंडावरून कळलं, सहाव्या वर्षापासून ती ते तोंड ओळखत होती. ती घाईनं पीठ मळायला आत गेली आणि हात पिठात असतानाच त्याच्या चपलांचा आवाज दूर गेलेला तिनं ऐकला. त्यानंतर तो आला नाही, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही हा हट्ट द्वारकाबाईनंही सोडला नाही.

वसाहतीत शेजार मिळाला तो आबेदाचा. तीही एका बुडालेल्या गावातूनच आलेली. तिचा नवरा युसूफ द्वारकाबाईची दोन एकर जमीन बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, करायचा. पहिल्याच सकाळी म्हातारी होऊ घातलेली ही बाई दारात खापर घेऊन उभी राहिली तेव्हा आबेदाला वाटलं, हिच्याकडं काडेपेटी नसेल; तिनं आपली पुढं केली. द्वारकाबाई म्हणाली, काडेपेटी आहे, मला विस्तव दे. का, ते आबेदाला पुढं कधीतरी कळलं. वर्षामागून वर्षं गेली, सव्वीस वर्षं गेली. आबेदाच्या घरी सुना आल्या, गॅस आला, तरी केवळ या म्हातारीसाठी तिनं मागच्या अंगणात चूल पेटती ठेवली.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. धरणाचं पाणी मागं मागं हटलं, आणि चैत्रात कुणीतरी सांगत आलं की पिंपळगव्हाणचा मारुती वर आलाय. हनुमान जयंतीला साऱ्या नव्या गावांतले जुने लोक तिथं जमणार होते. द्वारकाबाईनं जायला नको म्हटलं. आबेदानं तिला जीपमध्ये बसवलंच.

"जाओ आपा," ती म्हणाली. "पाणी पुन्हा चढेल. मग काय बघशील?"

पदराला पीठ-मीठ आणि उरी ती काडेपेटी घेऊन द्वारकाबाई गावात उतरली. गाव कुठलं! भेगाळलेली जमीन, शिंपले, काळा पडलेला लिंबाचा बुंधा, आणि घरांच्या जागी जोत्यांचे दगड. ती काठी टेकत वाटेच्या आठवणीवर चालत गेली. घराची जागा तिला जमिनीत रोवलेल्या उखळावरून सापडली. भिंती विरघळल्या होत्या, गोठा विरघळला होता, दोन्ही चुली विरघळून एकाच चिखलात मिळून गेल्या होत्या. चूल एक होती की दोन, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि जोत्यावर एक म्हातारा बसला होता. टोपी मांडीवर, पाठीत वाकलेला. त्यानं मान वर केली, आणि सव्वीस वर्षांनी बद्रीनाथनं वहिनीकडं बघितलं.

मग द्वारकाबाईनं पहिला प्रश्न विचारला तो साळूबाईचा, आणि त्यानं मान हलवली. दोन वर्षं झाली होती तिला जाऊन. कळवायला हवं होतं, पण कळवायचा धीर झाला नाही, असं तो पुटपुटला. द्वारकाबाई त्याच्या शेजारी बसली. साळूवर सव्वीस वर्षं धरलेला राग आता ठेवायचा तरी कुठं? तिनं उरीची काडेपेटी काढून जोत्यावर ठेवली. तिच्या तोंडावर चिकटवलेली कागदाची पट्टी पिवळी पडली होती, पण फाटली नव्हती.

"ही… तीच?" बद्रीनाथ म्हणाला. "वापरली नाय तू?"

"माझी चूल येगळी कधी झाली होती, बद्री?"

त्यानं काडेपेटी हातात घेतली आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा बांध फुटला. हुंदके देत देत तो बोलत होता आणि ती ऐकत होती.

"साळूची काय चूक नव्हती, वैनी. काडेपेटी मी द्यायला लावली. तू रोज आमच्या घरून इस्तू नेतीस ते कुणीतरी साहेबाला कळवणार होतं. काकासाहेब सांगून गेले. तुला सांगायला मला तोंड नव्हतं, म्हणून तिला पुढं केलं. ती नको म्हणत होती… मरेस्तवर तेच घेऊन बसली. बाईंचा इस्तू अडवला मी, म्हणायची. आणि तू चावडीत रडलीस, तर मला वाटलं, खरंच आपण हिला उपाशी ठेवलं असंल. कळलं कसं नाय आपल्याला…"

"निम्मं खरंच होतं रे ते," द्वारकाबाई म्हणाली. "मी तुझ्यापायी बोलायला उभी राहिले. पण रडले ती माझ्यापायी."

तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सारं बोलून झाल्यावर अंतःकरण हलकं व्हायला हवं होतं. ते झालं नाही, कारण आता या कळण्याचं करायचं काय हे दोघांनाही समजेना. ती त्याच्या तोंडून चल घरी ऐकायला थांबली होती. तो ते ओळखून खाली बघू लागला. मुलांनी घराच्या मधोमध भिंत घातली होती. पंधरा दिवस तो थोरल्याकडं जेवायचा, पंधरा दिवस धाकट्याकडं. ज्या लेकरांना दोन घरं व्हावीत म्हणून तिनं गोठ्यात चूल घातली, त्यांना ती मिळाली होती.

"माझीच चूल राहिली नाय, वैनी," तो म्हणाला. "तुला घेऊन कुठं जाऊ?"

"मग तू ये. माझं घर आहे की. तुझ्यासाठीच घेतलेलं आहे ते."

त्यानं मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. "येता येणार नाय," तो म्हणाला. "मी घर सोडलं तर लोक म्हणतील, पोरं बापाला जेवायला घालीत नायत. ते काय असतं, मी भोगलंय. पोरांच्या वाट्याला कसं देऊ?"

ते वाक्य तिचंच होतं, चावडीतलं.

ती उठली, आणि मारुतीपुढं जिथं माणसं जमली होती तिथं काठी टेकत गेली. ओट्यावर चढून तिनं सांगितलं की मी रामकिसनची बायको द्वारका, मी चावडीत साहेबापुढं खोटं बोलले. बद्रीनाथनं मला कधी उपाशी ठेवलं नाही, त्याच्या घरात माझा मान होता, हे साऱ्या गावानं ऐका. पण गाव होतं कुठं? काकासाहेब गेले होते, सारजाबाई गेली होती, लिंबाखाली उभी असलेली ती माणसं केव्हाच राख होऊन गंगेत गेली होती. समोर होती ती त्यांची नातवंडं. बद्रीनाथ कोण आणि चावडी कुठली हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी ओट्यावरून तिला हळूच खाली उतरवलं.

"आजी, सावलीला बसा," एक सून म्हणाली. "ऊन लई झालंय."

परत येऊन तिनं जोत्यावर चुलीचे तीन दगड मांडले. बद्रीनाथनं काटक्या गोळा केल्या. काडेपेटीची पट्टी तिनं आता नखानं फाडली. एक काडी ओढली, गूल गळून पडलं. दुसरी, तिसरी… इतक्या वर्षांची ओल होती, एकही पेटली नाही. तेव्हा बद्रीनाथनं चिखलातून एक खापराचा तुकडा उचलला आणि मारुतीपुढं नैवेद्याची चूल पेटली होती तिकडं गेला. साठीचा म्हातारा लोकांच्या चुलीपुढं ओंजळीत खापर धरून इस्तू मागताना तिला दुरून दिसला, आणि ती पदरात तोंड घालून रडली.

तवा नव्हता. तिनं भाकरी निखाऱ्यावरच भाजली. करपली, एका अंगानं कच्ची राहिली. तिनं तिचे दोन तुकडे केले आणि मोठा त्याच्या हातावर ठेवला. तो जेवला. तिनं आपला तुकडाही त्याच्याच पुढं सारला, आणि त्यानं तोही खाल्ला, कारण तिला काय हवंय ते त्याला आता कळत होतं. मग दोन दिशांच्या दोन जीपगाड्यांनी हॉर्न दिले. त्यानं पायांवर डोकं ठेवलं, तिला जीपमध्ये चढवलं, आणि यावेळी तिच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "संभाळून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई नेहमीसारखी खापर घेऊन आबेदाच्या अंगणात गेली. भेट झाली का, आबेदानं विचारलं.

"झाली," ती म्हणाली. "जेवला माझ्या हातचं."

आबेदानं एक चांगला फुललेला निखारा निवडून तिच्या खापरावर ठेवला.

पुढच्या श्रावणात वरच्या अंगाला पाऊस झाला आणि पाणी चढलं. मारुती गेला, उखळ गेलं, जोत्यावर मांडलेले तीन दगडही पाण्याखाली गेले. त्यानंतर दहा वर्षांनी दुष्काळ पडून गाव पुन्हा वर आलं तेव्हा ते दगड तिथंच होते, मांडले होते तसेच. पण ते कुणाचे म्हणून बघायला त्या घरातलं कुणीच आलं नाही.